साहसाचें भांडवल

नागपुरांतील जुम्मा तलाव, ज्यास आतां गांधीसागर म्हणतात, त्याच्या आसपासची जमीन एके काळीं दलदलीची होती. श्री. जमशेटजी नसरवानजी टाटा यांनीं तेथें कापडाची गिरणी बांधण्याचें ठरविलें, तेव्हां ती जागा प्रथम माती टाकून भरून काढावी लागली. या कामीं भांडवल घालण्याविषयीं त्यांनीं येथील एका सावकारास विचारलें असतां, 'हा गृहस्थ सोनें जमिनींत पुरीत आहे,' अशा अर्थाचें बोलून त्यानें नकार दिला, अशी गोष्ट सांगतात. पुढें गिरणी भरभराटीस आल्यावर, टाटांनीं माती पुरली आणि सोनें काढलें, हें त्याच सावकारानें कबूल केलें.

ही गोष्ट ऐकून आपण सावकारास हंसतों. परंतु तो मूर्ख होता असें आम्हांस वाटत नाहीं. तो कोणत्या प्रश्नाचें उत्तर देत होता, हें समजून घेतलें म्हणजे भांडवलाच्या व्यवहारांतील पुष्कळ अवघड शब्द सोपे होतात.

पहिला भेद कर्ज आणि भाग यांचा. सावकार रक्कम देतो ती कर्ज म्हणून. त्यास तारण हवें, ठरलेलें व्याज हवें आणि मुद्दल परत हवें. धंदा चालो वा बुडो, ऋणको बांधलेलाच असतो. उलटपक्षीं भाग, म्हणजे शेअर, घेणारा धंद्याचा अंशतः मालक होतो. नफा झाला तर त्यास लाभांश मिळतो. धंदा बुडाला तर त्याचा पैसाही बुडतो. टाटांची कंपनी १८७४ सालीं १५ लक्ष रुपयांच्या भांडवलावर निघाली, तेव्हां विदर्भाचा कापूस जवळ होता आणि १८६७ पासून रेल्वे दाराशीं आली होती. पण दाखविण्यासारखा नफा एक पैचाही नव्हता. अशा वेळीं कर्ज देणें धोक्याचें, परंतु भाग घेणें शहाणपणाचें असूं शकतें. सावकारानें भागाचा प्रश्न कर्जाच्या तराजूंत तोलला, एवढीच त्याची चूक. १ जानेवारी १८७७ रोजीं एम्प्रेस मिल सुरू झाली.

भाग घेणाऱ्यास कायद्याचा एक मोठा आधार असतो. त्यास मर्यादित जबाबदारी म्हणतात. हिंदुस्थानांत हें तत्त्व १८५७ च्या कायद्यानें आलें. पांचशें रुपयांचा भाग पूर्ण पैसे भरून घेतला असेल, तर कंपनी बुडाल्यास तेवढेच पांचशें रुपये जातात. कंपनीच्या देण्यापायीं भागधारकाच्या घरावर जप्ती येत नाहीं. हा आधार नसता तर अनोळखी माणसाच्या धंद्यांत पैसा घालण्यास कोण धजला असता?

आजकाल वर्तमानपत्रांत 'व्हेंचर कॅपिटल' हा शब्द वारंवार येतो. त्यास आम्ही साहस-भांडवल म्हणूं. ज्या धंद्यास अद्याप तारण नाहीं आणि नफाही नाहीं, त्याचे भाग घेण्यासाठीं अनेकांचा पैसा एकत्र करून जो निधि उभारतात, तें हें भांडवल. अमेरिकेंत १९४६ सालीं जॉर्ज डोरिओ यांच्या पुढाकारानें अशी एक प्रसिद्ध कंपनी निघाली. तिनें १९५७ सालीं एका संगणकाच्या कारखान्यांत ७०,००० डॉलर घातले आणि पुढें त्यांचे कोट्यवधि डॉलर झाले. आपल्या देशांत 'सेबी' या संस्थेनें अशा निधींसाठीं १९९६ सालीं आणि पुन्हा २०१२ सालीं नियम केले. निधि चालविणाऱ्यांचा हिशेब असा कीं, दहांपैकीं बरेच धंदे बुडतील, पण एकदोन इतके वाढतील कीं सर्वांची भरपाई होईल.

आतां एक कल्पित उदाहरण घेऊं. इतवारींतील एका तरुणानें संत्र्यांचा रस टिकविण्याची नवी रीत काढली. एक भांडवलदार त्यास २५ लक्ष रुपये देऊन धंद्याचा पांचवा हिस्सा मागतो. पांचव्या हिश्श्यास २५ लक्ष, तर सर्व धंद्याची किंमत सव्वा कोटि झाली. यास मूल्यांकन म्हणतात. पैसा येण्यापूर्वींची किंमत एक कोटि आणि आल्यानंतरची सव्वा कोटि. ही दोन मूल्यांकनें वेगळीं आहेत आणि बोलतांना कोणतें अभिप्रेत आहे तें आधीं विचारावें.

वर्षानें दुसरा भांडवलदार येतो. त्याच्यासाठीं नवे भाग काढतात व त्यास धंद्याचा चौथा हिस्सा मिळतो. तरुणाचे शेंकडा ८० होते, ते आतां ६० राहिले. पहिल्या भांडवलदाराचे २० होते, ते १५ झाले. कोणीं कांहींच विकलें नाहीं, तरी दोघांचा हिस्सा पातळ झाला. यास विरलीकरण म्हणतात. दुधांत पाणी घालण्यासारखें हें दिसतें. पण धंद्याची किंमत वाढली असेल, तर लहान हिस्साही पूर्वींपेक्षां मोलाचा ठरतो.

तिसरा शब्द अग्रहक्क. धंदा विकला गेल्यास भांडवलदाराचा पैसा आधीं फेडावा, अशी अट करारांत असते. समजा, दुसरा भांडवलदार येण्यापूर्वींच आपल्या तरुणाचा धंदा २० लक्षांस विकावा लागला. शेंकडा ८० हिश्श्याप्रमाणें आपणांस १६ लक्ष मिळतील, असें तो समजून होता. परंतु भांडवलदाराचे २५ लक्ष आधीं फिटावयाचे असल्यामुळें २० च्या २० लक्ष तिकडे गेले आणि याच्या हातीं एक रुपयाही आला नाहीं. यांत लबाडी कोणाचीच नाहीं. अट कागदावर होती, तरुणानें ती वाचली नव्हती.

एक गोष्ट मात्र या कोणत्याच शब्दांत येत नाहीं. नागपुरांतील असंख्य कुटुंबें पिढ्यान् पिढ्या एम्प्रेस मिलच्या भोंग्यावर उठलीं. आज ती गिरणी चालत नाहीं. तिच्या जागेवर मोठें बाजारगृह उभें आहे. कोणतीही गिरणी बंद पडली म्हणजे भागधारकाचें नुकसान त्याच्या भागापुरतें असतें. कामगाराचें नुकसान मर्यादित करणारा तसा शब्द नाहीं. उद्यां आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी कारखाना काढील, तेव्हां हें त्यानें ध्यानांत ठेवावें.

धन्यानें दिलेलें द्रव्य भीतीनें जमिनींत पुरून ठेवणाऱ्या दासाचा दृष्टान्त आपण शुभवर्तमानांत वाचला आहे. ज्यांनीं व्यापार केला त्यांस शाबासकी मिळाली, हें खरें. पण तो पैसा त्यांनीं डोळे मिटून लावला असेल असें आम्हांस वाटत नाहीं. म्हणून कोणत्याही करारावर सही करण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे: नफा कोणास किती, नुकसान प्रथम कोणाचें, आणि निर्णय कोणाच्या हातीं? यांचीं उत्तरें साध्या मराठींत मिळेपर्यंत लेखणी खालीं ठेवावी.