भोकांच्या पुठ्ठ्यापासून सुरुवात

सुरतच्या कोसाडला माझ्याकडे इंजिनीअरिंगची पोरं शिकवणीला येतात. बरीचशी खानदेशी घरांतली. वडील लूमच्या खात्यात, आई घरी साड्यांना स्टोन लावते. दर वर्षी कुणीतरी विचारतंच, "सर, रिसर्च पेपर वाचायचेत, कुठून सुरू करू?" मी काही बोलायच्या आत मोबाइलवर २०१७ चा 'अटेन्शन इज ऑल यू नीड' उघडलेला असतो. आजच्या चॅटबॉटचा पाया त्यात आहे, हे खरं. आठ लेखकांपैकी निकी परमार पुण्याच्या पीआयसीटीत शिकलेल्या, म्हणून तो जरा घरचाही वाटतो. पण दोन पानांत पोरगं गळपटतं.

मी आधी जेकार्डची गोष्ट काढतो. माझे वडील जेकार्डची कार्डं पंच करायचे. पुठ्ठ्याला भोक असलं की सुई आत शिरते, हूक उचलला जातो, ताण्याचा धागा वर येतो. भोक नसलं तर धागा खालीच. बाण्याच्या एका फेऱ्याला एक कार्ड. अशी शेकडो कार्डं ओवली की काठावर मोर उतरतो. वडिलांचा कॉम्प्युटरशी कधी संबंध आला नाही, पण नुसत्या 'हो-नाही'त मोर लिहायला त्यांना येत होतं.

चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी हीच कार्डं घेतली. त्या यंत्रावरच्या एका फ्रेंच लेखाचा एडा लव्हलेसने १८४३ मध्ये इंग्रजी अनुवाद केला आणि लेखाच्या जवळपास तिप्पट टिपणं जोडली. यंत्र पुरं झालंच नाही, टिपणं राहिली. त्यांत ती बजावते, हे यंत्र आपण सांगू तेवढंच करेल, स्वतःहून नवं काही काढणार नाही.

१९५० मध्ये अॅलन ट्युरिंगने 'माइंड' या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात तिचं नाव घेऊन उत्तर दिलं. यंत्रं मला कितीदा तरी चकित करतात, म्हणाला. शिवाय मोठ्या माणसाची बुद्धी घडवण्यापेक्षा लहान मुलाची घडवा आणि तिला शिकवा, असंही सुचवलं. गणित जवळजवळ नाहीच. हे दोन वाचून २०१७ च्या पेपरकडे गेलं, की तो त्याच वादातला तिसरा आवाज वाटतो. म्हणून मी सुटे पेपर सांगत नाही, भांडणं सांगतो.

वाचायचं कसं, यावरही पेपर आहे! एस. केशव यांचा, २००७ चा, जेमतेम दोन पानी. पहिली फेरी पाच-दहा मिनिटांची: सारांश, प्रस्तावना, मथळे, निष्कर्ष. दुसरी तासाभराची, सिद्धता सोडून. तिसरीत आपणच तो पेपर लिहितोय असं समजून सगळं पुन्हा मांडायचं. नवख्याला चार-पाच तास लागतात. आमची पोरं थेट तिसऱ्या फेरीला भिडतात, मग पेपर अवघड म्हणतात.

गेल्या पावसाळ्यात एकाने हे सगळं घरी सांगितलं. वडील जेकार्डवरच कामाला. त्यांनी विचारलं, "अन् एक भोक चुकलं तर?"

पोरगा दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न घेऊन दारात. मी त्याला रिचर्ड हॅमिंगचा १९५० चा पेपर दिला. बेल लॅब्सचं यंत्र चूक दिसली की थांबायचं आणि सुट्टीत लावलेलं काम अर्धवट राहायचं, हॅमिंग वैतागला. मूळ 'हो-नाही'च्या आकड्यांबरोबर मोजके जादा आकडे असे जोडायचे, की नेमकं कुठलं भोक चुकलं ते यंत्रालाच कळावं आणि त्यानेच ते दुरुस्त करावं, ही त्याची युक्ती. चार आकड्यांना तीन जादा पुरतात.

ते सात आकडे पोराने वडिलांच्या एका बाद कार्डाच्या पाठीवर मांडून आणले. एक मुद्दाम चुकवला होता.