मेसचा सिलिंडर आणि ट्रिशियमची नळी

मेसच्या मागचा गॅस सिलिंडर कधी नीट बघितलाय? वर-खाली घुमट आहेत. थिन सिलिंडरचा फॉर्म्युला सगळ्यांनी घोकलेला आहेच: दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी. घुमट पूर्ण अर्धगोल असेल तर त्यात ताण त्याच्या निम्माच येतो. सपाट झाकण वाकतं, म्हणून ते जाड करावं लागतं.

आणि न्यूक्लियर फिजिक्सवाल्यांना जाड भिंत अजिबात चालत नाही! हेलियम-३ किंवा ट्रिशियम दाबाखाली भरायचा आणि त्यावर बीम सोडायचा, तर बीमला आधी धातूच लागतो. भिंत जितकी जाड, तितका डिटेक्टरमध्ये धातूचाच गोंगाट. अमेरिकेतल्या जेफरसन लॅबमध्ये २०१७-१८ साली ट्रिशियमचा प्रयोग झाला. अ‍ॅल्युमिनियमची २५ सेंमी लांबीची नळी, आत सुमारे १,००० क्युरी ट्रिशियम, आणि बीम शिरतो तिथे भिंत फक्त पाव मिलिमीटर. गळती म्हणजे किरणोत्सारी वायू बाहेर. ती नळी मशिनिंगने केली होती.

मग अशी नळी थ्रीडी प्रिंट का करू नये? गणित तर सोपं दिसतं. त्रिज्या १० मिमी, दाब १० बार, भिंत ०.१ मिमी घेतली तर ताण १०० मेगापास्कल. प्रिंटिंगचा नेहमीचा अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातू एवढं आरामात सोसतो. म्हणजे कागदावर पास!

पण लेझरने वितळवायच्या पावडरचे कणच साधारण २० ते ६० मायक्रॉनचे. १०० मायक्रॉनच्या भिंतीत ५० मायक्रॉनचं एक छिद्र राहिलं की अर्धी भिंत गेली. तशी दोन छिद्रं जोडली गेली की नळी फुटत नाही, गुपचूप गळते. भिंतीची जाडी इथे ताण ठरवत नाही, छिद्रं ठरवतात. तापवून चहूबाजूंनी वायूने दाबलं की आतली बंद छिद्रं मिटतात, पण पृष्ठभागापर्यंत उघडी असलेली तशीच राहतात, कारण दाबणारा वायूच त्यांच्यात शिरतो.

तरी प्रिंटिंग टाकाऊ नाही हं. घुमट, वायूची वाट, थंड पाण्याचे वळणदार मार्ग, सगळं एकाच तुकड्यात येतं. जितके जोड कमी तितक्या गळायच्या जागा कमी. फक्त वळणात अडकलेली पावडर बाहेर काढायची सोय ड्रॉइंगमध्येच हवी. माझं मत विचाराल तर अंग प्रिंट करावं, भिंत मिलिमीटरभर ठेवावी आणि बीमच्या खिडक्या मशिनिंगनेच पातळ कराव्यात.

चाचणी आधी पाण्याने. पाणी दबत नाही, त्यामुळे नळी फुटली तरी नुसती चिरते. वायू असेल तर तुकडे उडतात. मग नळी वाळवून हेलियमने गळती तपासायची. खरा वायू भरायचा तो त्यानंतरच.