प्रबळ, अंगठा आणि लपवलेला डबा

जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा अक्षांश-रेखांशांवरून हुडकून काढण्याचा खेळ. २ मे २००० रोजी अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि शंभरेक मीटर भरकटणारा बिंदू काही मीटरांवर आला. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगॉनमध्ये पहिला डबा ठेवला. डबा सापडला की आतल्या वहीत नोंद करायची, वस्तू घेतली तर बदल्यात दुसरी ठेवायची आणि डबा होता तिथेच पुन्हा लपवायचा.

मुलांना हा खेळ शिकवताना सुरुवात मोबाइलने करू नये. बाणामागे चालणारे मूल डब्यापाशी पोचते खरे, पण कुठून कसे आलो हे त्याला सांगता येत नाही. आधी होकायंत्र हवे, आणि त्यासाठी पनवेलजवळचे विचुंबे फार सोयीचे आहे. इमारतींच्या आडोशातून मोकळ्यावर आले की पूर्वेला प्रबळगड, दक्षिणेला कर्नाळा किल्ल्याचा ‘अंगठा’ म्हणजे अंगठ्यासारखा सुळका. दोन्हींचे कोन मोजून नकाशावर त्या खुणांपासून उलट रेघा ओढायच्या. त्या छेदतात तिथे आपण उभे. इथे रेघा जवळजवळ काटकोनात छेदतात, म्हणून बिंदू नेमका मिळतो. प्रबळचा माथा लांबट आणि सपाट, तेव्हा नेम शेजारच्या कलावंतीणच्या सुळक्यावर धरावा. तो सुमारे दहा किलोमीटरवर असल्याने कोनात एका अंशाची चूक झाली तरी रेघ पावणेदोनशे मीटर सरकते. चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला फरक या भागात अंशभरही नाही. सुई बहकते ती जवळच्या मोटारसायकलीमुळे, लोखंडी कुंपणामुळे, नाहीतर खिशातल्या मोबाइलमुळे.

मग अक्षांश-रेखांशांतल्या दशांशांची पाळी. विचुंबे साधारण १९ अंश उत्तरेवर आहे. अक्षांशाच्या तिसऱ्या दशांश स्थळी एकाचा फरक म्हणजे सुमारे १११ मीटर. तेवढ्यात डबा गाढी नदीच्या पलीकडच्या काठावरही जाऊ शकतो. चौथ्या स्थळी ११ मीटर, पाचव्या स्थळी जेमतेम एक.

मोकळ्या आभाळाखालीही मोबाइल पाचेक मीटर चुकतो, झाडीत आणखी. म्हणून शेवटच्या टप्प्यात तो खिशात टाकून डोळे वापरायचे: उगाच रचल्यासारखे दगड, ढोलीच्या तोंडाशी वाळका पाला. कपारीत हात घालण्याआधी काठी फिरवायची, कारण फुरसे आणि विंचू कोकणात दुर्मीळ नाहीत.

डबा लपवणे हे शोधण्याहून जास्त जबाबदारीचे काम. रेल्वे स्टेशन, पूल, बाजार यांच्या आसपास बेवारस डबा दिसला तर पोलीस बोलावले जातात; डबा पारदर्शक असावा, वर खेळाची चिठ्ठी असावी आणि जागेच्या मालकाची परवानगी घेतलेली असावी. कर्नाळा पक्षी अभयारण्य आहे, तिथे काही ठेवू नये, गडावरही नाही. अशा ठिकाणी डब्याऐवजी एक प्रश्न द्यावा, ज्याचे उत्तर जागेवर गेल्याशिवाय मिळणार नाही. खाऊ आत नको, मुंग्या लागतात आणि उंदीर डबा फोडतात. नदीकाठचे डबे मृगाआधी उचलून दिवाळीनंतर पुन्हा ठेवावेत.