चाक हलत नाही, म्हणजे सांधा ठीक आहे?

सत्तरच्या दशकातला एखादा पिकअप ट्रक ताशी ५० मैलांनी सरळ रस्त्यावर चालला आहे. तो कधी डावीकडे सरकतो, कधी उजवीकडे, आणि स्टीअरिंग सतत सांभाळावं लागतं. घरी येऊन आपण चेसिसखाली जॅक लावतो, पुढचं चाक उचलतो आणि वरून-खालून धरून हलवतो. चाक घट्ट! मग दोष टायरवर जातो, नवे टायर येतात आणि ट्रक भरकटतच राहतो. जुन्या गाड्यांवर घरच्या घरी काम करणाऱ्या बऱ्याच जणांची इथे फसगत होते. माझीही झाली. चाचणी चुकीच्या जागी केली की उत्तर चुकणारच.

१९६० च्या मॉडेलपासून शेव्हरोलेच्या पिकअपना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन मिळालं आणि १९६३ पासून त्यात कॉइल स्प्रिंग आली. फोर्डने १९६५ मध्ये आणलेल्या ट्विन आय-बीमची रचना वेगळी आहे. इथे बोलतोय ते शेव्हरोलेच्या पद्धतीबद्दल. प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन कंट्रोल आर्म असतात. आर्मचं आतलं टोक रबरी बुशमधून चेसिसला जोडलेलं असतं आणि बाहेरचं बॉल जॉइंटमधून चाकाच्या बाजूला. बॉल जॉइंट म्हणजे आपल्या खुब्यासारखा सांधा: खोबणीत फिरणारा गोळा. स्प्रिंग बसते चेसिस आणि खालचा आर्म यांच्या मध्ये.

आता चेसिस उचलून चाक लटकतं ठेवलं, की स्प्रिंग खालच्या आर्मला खाली ढकलते. त्यासोबत वरचा आर्मही ओढला जातो आणि चेसिसवरच्या रबरी थांब्याला टेकतो. दोन्ही सांधे स्प्रिंगच्या जोराने ताणलेले राहतात. गोळा खोबणीच्या एकाच बाजूला दाबलेला असतो. दुसऱ्या बाजूला झिजून पोकळी झाली असली, तरी हाताच्या जोराने तो तिकडे जाणार नाही.

म्हणून जॅक खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या शक्य तितका जवळ लावायचा. स्प्रिंगचा जोर जॅक घेतो आणि सांधा मोकळा होतो. टायरखाली पहार घालून चाक हळूच उचललं, की लपलेला प्ले दिसतो. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा: चाकाचं हलणं तेवढ्याने थांबलं, तर दोष बेअरिंगचा. किती प्ले चालतो, ते त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

मिलिमीटर-दोन मिलिमीटरचं एवढं काय? समजा वरच्या-खालच्या सांध्यांत २५ सेंटिमीटर अंतर आहे आणि एक सांधा आडवा २ मिलिमीटर सरकतो. चाक जवळजवळ अर्ध्या अंशाने कलतं, आणि तेही प्रत्येक खड्ड्यागणिक वेगवेगळं. अलाइनमेंट तर अंशाच्या भागांत मोजतात. झीज वाढत गेली तर गोळा खोबणीतून निसटतो आणि चालत्या गाडीचं चाक आडवं होतं.

भाग बदलताना धोका त्याच स्प्रिंगचा. समजा चाकावर ४५० किलोंचा भार आहे आणि स्प्रिंग आर्मच्या मधोमध बसली आहे. तरफेच्या नियमाने तिच्यावर दुप्पट, म्हणजे सुमारे ८,८०० न्यूटन जोर येतो. ती १२ सेंटिमीटर दाबलेली असेल, तर साठलेली ऊर्जा जवळपास ५३० जूल. सिमेंटची ५० किलोंची गोणी मीटरभराहून थोड्या जास्त उंचीवरून पडावी तेवढी! चाक लटकल्यावर ही ऊर्जा कमी होते, संपत नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा. चेसिस भक्कम स्टँडवर, जॅक आर्मखाली. शॉक अ‍ॅब्जॉर्बर काढून स्प्रिंग कम्प्रेसर लावायचा, शिवाय स्प्रिंगमधून साखळी ओवून चेसिसला बांधायची. बॉल जॉइंटची कॉटर पिन काढून नट चार-पाच आटे सैल करायचा, पण पूर्ण काढायचा नाही. दांडा निमुळता असल्याने तो घर्षणाने भोकात घट्ट रुतलेला असतो. भोकाच्या बाजूच्या पोलादावर हातोडा मारला की तो एकदम सुटतो, आणि तेव्हा आर्मला थांबवायला तो नटच असतो. मग जॅकवर भार घेऊन नट काढायचा आणि जॅक इंचाइंचाने खाली.

रबरी बुश त्याच वेळी बदलून घ्यावेत. ऑक्सिजन आणि ओझोन रबराच्या साखळ्यांवर वर्षानुवर्षं काम करत असतात, त्यामुळे गाडी उभी राहिली तरी रबर तडकतं. नव्या बुशचे नट मात्र गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. रबर फिरताना घसरत नाही, पिळतं. आर्म लटकता असताना आवळलं, तर गाडी खाली आल्यावर ते कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

शेवटी अलाइनमेंट करून घ्यायचं. त्याआधी गाडी चालवायची ती फक्त तिथवर पोचण्यापुरती, हळू. परत येताना त्याच सरळ रस्त्याने या आणि स्टीअरिंग किती वेळा सांभाळावं लागतं ते मोजा.