युनिट टेस्टसाठी फ्रेमवर्क निवडताय? आधी ‘सारखं’ म्हणजे किती सारखं ते ठरवा

प्रयोगशाळेत नवा तराजू आला की आपण आधी त्यावर प्रमाणित वजन ठेवून बघतो. १०० ग्रॅमचं वजन ठेवल्यावर त्याने १०० ग्रॅम दाखवले, तरच पुढचं काम. पण त्या मोजमापांचं विश्लेषण करणाऱ्या प्रोग्रॅमवर तुम्ही असं प्रमाणित वजन शेवटचं कधी ठेवलं होतं? आलेख ‘बरा दिसतोय’ एवढ्यावर आपल्यापैकी बऱ्याच जणांचं समाधान होतं.

हे महागात पडू शकतं. २००६ साली अमेरिकेतल्या एका नामांकित गटाला प्रथिनांच्या रचनेबद्दलचे ‘सायन्स’मधले तीन शोधनिबंध मागे घ्यावे लागले. त्यांनी स्वतःच्या वापरासाठी ठेवलेल्या एका प्रोग्रॅममध्ये आकड्यांच्या दोन रकान्यांची अदलाबदल झाली होती. त्यामुळे रचना आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी आली.

युनिट टेस्ट म्हणजे प्रोग्रॅमचं प्रमाणित वजन. प्रोग्रॅमचा एक छोटा तुकडा घ्यायचा आणि ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा प्रश्न त्याला विचारायचा. असे शेकडो प्रश्न गोळा करून चालवणारी आणि कुठलं उत्तर चुकलं ते सांगणारी व्यवस्था म्हणजे फ्रेमवर्क. केंट बेक यांनी स्मॉलटॉक भाषेसाठी असं एक फ्रेमवर्क लिहिलं होतं. १९९७ मध्ये त्यांनी आणि एरिक गामा यांनी झुरिचहून अटलांटाला जाताना विमानात बसून त्याची जावा आवृत्ती लिहायला घेतली. ती म्हणजे जेयुनिट. पायथॉनसोबत मिळणारं ‘युनिटटेस्ट’ याच घराण्यातलं.

मग निवड कशी करायची? तुम्ही पायथॉन वापरता असं धरू. ‘युनिटटेस्ट’ वेगळं बसवावं लागत नाही, पण साध्या तपासणीसाठीही आधी क्लास लिहावा लागतो. ‘पायटेस्ट’ बसवावं लागतं, पण त्यात एक साधं फंक्शन आणि ‘असर्ट’ची एक ओळ पुरते. टेस्ट नापास झाली तर दोन्ही बाजूंच्या किमतीही ते नीट दाखवतं. शिवाय ‘युनिटटेस्ट’मध्ये लिहिलेल्या जुन्या टेस्ट ‘पायटेस्ट’ चालवू शकतं, म्हणजे मागचं काम वाया जात नाही.

आणखी एक गोष्ट बघा: फ्रेमवर्कची देखभाल कोणी करतंय का? ‘नोज’ नावाचं फ्रेमवर्क एके काळी फार लोकप्रिय होतं. २०१५ नंतर त्याची नवी आवृत्ती आली नाही, आणि २०१८ मध्ये नमपायनेही त्याला रामराम करून ‘पायटेस्ट’ स्वीकारलं.

इथवरचं कोणीही सांगेल. मला सांगायची आहे ती माझी फजिती.

पोस्टडॉक करत असताना मी रेणूंमधल्या बंधांची लांबी काढणारं एक फंक्शन लिहिलं. दोन कार्बन अणूंमधल्या एकेरी बंधाची लांबी १.५४ अँगस्ट्रॉम असते. माझा सगळा हिशोब मीटरमध्ये होता, म्हणजे दशांशचिन्हानंतर नऊ शून्यं आणि मग १५४. टेस्ट लिहिली, पास झाली, हिरवी खूण बघून मी निर्धास्त झालो. काही महिन्यांनी एका सहकाऱ्याने आलेख बघून विचारलं, “हे सगळे बंध निम्म्या लांबीचे कसे?” माझ्या सूत्रात दोनाने गुणायचं राहून गेलं होतं. निबंधाचा मसुदा तोवर सगळ्यांकडे पोचला होता.

मग टेस्ट पास कशी झाली? संगणकात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज तंतोतंत ०.३ येत नाही, म्हणून दशांश आकड्यांची तुलना करताना थोडी सूट द्यावी लागते. मी वापरलेलं ‘युनिटटेस्ट’चं ‘असर्ट ऑलमोस्ट इक्वल’ दोन आकड्यांमधला फरक काढतं आणि सात दशांश स्थळांपर्यंत तो शून्य आहे का ते बघतं. माझे आकडेच मुळात दहाव्या स्थळापासून सुरू होत होते! माझ्या फंक्शनने सरळ शून्य उत्तर दिलं असतं, तरी टेस्ट पास झाली असती.

‘पायटेस्ट’चं ‘अप्रॉक्स’ दहा लाखांत एक एवढा फरक चालवून घेतं, आणि शिवाय एक भागिले एक लाख कोटी एवढी किमान सूट ठेवतं. माझी चूक त्याने पकडली असती. पण प्रोटॉनची त्रिज्या मीटरमध्ये लिहिली तर दशांशचिन्हानंतर पंधरा शून्यं येतात. तिथे हेही शून्याला ‘बरोबर’ म्हणेल. नमपायचं ‘असर्ट ऑलक्लोज’ कोटीत एक एवढ्याच सापेक्ष फरकाला परवानगी देतं आणि किमान सूट शून्य ठेवतं. त्यामुळे ते लहान आकड्यांना फसत नाही. मात्र अपेक्षित उत्तर शून्य असेल, तर किमान सूट तुम्हालाच सांगावी लागते, नाहीतर क्षुल्लक फरकानेही टेस्ट नापास होईल.

म्हणून माझा सल्ला असा. फ्रेमवर्क असं निवडा की गटातला सर्वात नवखा विद्यार्थीही त्यात पहिल्याच दिवशी टेस्ट लिहू शकेल. पायथॉनसाठी माझं मत ‘पायटेस्ट’ला. आर वापरत असाल तर ‘टेस्टदॅट’, सी प्लस प्लससाठी ‘गूगलटेस्ट’ किंवा ‘कॅच टू’, फोरट्रानसाठी ‘पीएफयुनिट’. पण किती फरक चालेल हे फ्रेमवर्कवर सोडू नका. तुमच्या प्रश्नात किती फरकाला अर्थ आहे, हे फ्रेमवर्क लिहिणाऱ्याला माहीत नसतं. ते फक्त तुम्हाला माहीत असतं. सूट आपल्या हाताने लिहा, आणि जमलं तर आकडे अँगस्ट्रॉमसारख्या सोयीच्या एककात ठेवा.

आणि टेस्ट पास झाली की एकदा तरी फंक्शन मुद्दाम बिघडवा. दोनाने गुणा, चिन्ह उलटं करा, शून्य परत पाठवा. टेस्ट तरीही पासच होत असेल, तर तुमचा तराजू काहीही ठेवलं तरी १०० ग्रॅमच दाखवतोय. हे करायला पाच मिनिटं लागतात. मी ती दिली असती, तर तो मसुदा सगळ्यांकडून परत मागवावा लागला नसता.