बांबूची बॅट चालेल का?

बॅट घ्यायला गेलात की दुकानदार दोनच नावं घेतो. काश्मीर विलो आणि इंग्लिश विलो. दुसरीची किंमत ऐकून आपण गुपचूप पहिली उचलतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात विलो नाही. साग आहे, पण सागाची बॅट जड. दोन ओव्हरमध्ये मनगट बोलायला लागतं. मग आपल्याकडे रग्गड असलेल्या बांबूचं काय?

हसू नका. केंब्रिज विद्यापीठातल्या दर्शिल शाह आणि बेन टिंकलर-डेव्हिस यांनी हे करून बघितलंय. त्यांनी बांबूच्या पट्ट्या थरावर थर चिकटवून फळी केली आणि फळीतून बॅट घडवली. २०२१ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. बांबू विलोपेक्षा २२ टक्के जास्त ताठ निघाला. म्हणजे चेंडू जोरात सुटतो आणि स्वीट स्पॉटही मोठा मिळतो. नमुना जड होता, पण ताठपणामुळे पातं पातळ करायला वाव आहे. शिवाय बांबू विलोपेक्षा कितीतरी लवकर तयार होतो.

अडलं कुठे? क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीकडे. नियम ५.३.२ सांगतो, पातं फक्त लाकडाचं हवं. आणि बांबू पडला गवत! १९७९ मध्ये पर्थच्या कसोटीत डेनिस लिली अॅल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला, त्यानंतर ही लाकडाची अट आली. या विषयावर चर्चा करू, एवढं मात्र एमसीसीने म्हटलं.

आता खरी गंमत बघा. क्रिकेट ज्याला गवत म्हणतं, त्याला आपला १९२७ चा वन कायदा झाड म्हणत होता. त्यामुळे बांबू गावाशेजारी, पण त्यावर हक्क सरकारचा. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात धरला, तरी धानोरा तालुक्यातल्या लेखा-मेंढाला स्वतःचा बांबू विकण्यासाठी झगडावं लागलं. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं, तेव्हा वाट मोकळी झाली. पुढे २०१७ मध्ये वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला.

म्हणजे झाड म्हटलं म्हणून गावाला तोडता येईना, गवत म्हटलं म्हणून खेळाडूला वापरता येईना. वस्तू तीच. तिला काय म्हणायचं हे ठरवणारे मात्र लांब बसलेले. लेखा-मेंढाने दाखवलं की चिकाटी असेल तर तेही बदलतं.

तोवर आपण थांबायचं कशाला? गावच्या टेनिस बॉल स्पर्धेचे नियम तर आपणच ठरवतो ना? बांबूच्या सरळ कामट्या काढणारे हात बुरड कारागिरांकडे आहेत. चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. आपल्या मानवेल आणि कटांग बांबूची बॅट केवढी जड होईल, सांधा किती टिकेल, हे घडवून, खेळूनच कळेल. इंजिनीअरिंग किंवा आयटीआयला असाल तर यंदाच्या प्रोजेक्टला विषय मिळाला समजा. जमलं तर जंगलातून नुसता बांबूचा ट्रक जाणार नाही, बॅटही जाईल. आणि घडवणाऱ्या हाताला तोडणीपेक्षा जास्त दाम मिळेल.

पहिला बॉल कोण टाकतंय?