दादीची गोळी

मुलांनो, तुमच्या घरी दादी किंवा नाना रक्तदाबाची गोळी घेतात का? "आता मला बरे वाटते, मग गोळी कशाला?" असे ते कधी म्हणतात का?

हृदय रक्त पुढे ढकलते. त्या वेळी रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर जो दाब पडतो, त्याला रक्तदाब म्हणतात. निरोगी माणसाचा रक्तदाब साधारण १२०/८० असतो. तो वारंवार १४०/९० किंवा त्याहून जास्त भरला, तर तो उच्च रक्तदाब होय.

या आजारात बहुधा काहीच दुखत नाही. म्हणून माणूस फसतो. गोळी दाब ताब्यात ठेवते, पण आजार मुळापासून काढत नाही. मनाने गोळी बंद केली, की दाब पुन्हा वाढतो. त्यातून पक्षाघात, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार होऊ शकतो.

गोळीबरोबर पथ्यही हवे. दिवसभरात मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी खावे. लोणचे व पापड यांतही मीठ असते, हे विसरू नये. दुसऱ्याची गोळी कधी घेऊ नये. रमजानमध्ये गोळीची वेळ डॉक्टरांना विचारूनच बदलावी.

तुम्हीही मदत करू शकता. रोज ठरलेल्या वेळी दादीला गोळी व पाणी द्या. कॅलेंडरवर खूण करा. गोळ्या संपण्याआधीच अब्बांना आठवण करून द्या.